एक दिवस मशीनचा, एक दिवस शालूचा

पुण्यात नातवाच्या शाळेच्या गेटवर उभी होते, तेव्हा मंगलचा फोन आला. मंगल म्हणजे आमच्या हिंगोलीच्या ऑफिसातली पोरगी. ती आपण होऊन मला कधी फोन करत नाही, कारण मी उचलला की आधी तिच्या जेवणाची, मग तिच्या आईच्या गुडघ्याची आणि मग तिच्या लग्नाची चौकशी करते, आणि तोवर तिला काय सांगायचं होतं ते ती विसरून जाते. त्या दिवशी तिनं माझ्या चौकशीला जागाच ठेवली नाही. ‘‘आजी, ताई न्हाईत...’’ एवढंच म्हणाली. मी म्हटलं, ‘‘न्हाईत म्हणजे? गेली कुठं? आज तर तिचा मशीनचा दिवस न्हाई.’’ आणि हे बोलता बोलताच मला कळलं. नातू बाहेर आला, त्यानं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि मी ती तिथंच उभ्या उभ्या संपवली. त्याला वाटलं, आजीला ऊन लागलं.

शालू माझी नणंद. किडनीच्या दुखण्यामुळं दिवसाआड तिचं डायलिसिस असायचं, आणि त्यावरून तिनं सगळ्या आठवड्याची वाटणी करून टाकली होती... एक दिवस मशीनचा, एक दिवस माझा. ती गेली ती तिच्या दिवशी. दुपारी जेवली, पाठ टेकते म्हणाली आणि टेकली ती टेकलीच. मशीनच्या खात्यावर तिनं स्वतःला जाऊ दिलं नाही, याचं मला का कोण जाणे, बरं वाटतं.

मी लग्न होऊन हिंगोलीत आले तेव्हा ती शाळेत होती. दोन वेण्या, फुटलेले गुडघे, खिशात चिंचा. सासूबाईंनी सांगितलं, नणंद आहे, ‘वन्सं’ म्हणायचं. मी कुरुंद्याची, गणितात बरी, आणि बरी असण्यापेक्षा तसं स्वतःला समजणारी जास्त. अशी मी, त्या एवढ्याशा पोरीला अदबीनं म्हणायचे, ‘‘वन्सं, चिंच देता का?’’ आणि ती म्हणायची, ‘‘आधी माझं गणित सोडवून दे.’’ मी दोन पानं भरून उत्तर काढायचे. ती माझ्या खांद्यावरून बघायची आणि शेवटच्या ओळीच्या आधीच ओरडायची, ‘‘वैनी, वरच्याच ओळीत चुकलीस, खाली काहून उतरत गेलीस?’’ मला राग यायचा. चूक सांगितल्याचा नव्हे. मी एवढं सुंदर अक्षर काढलेलं वाया गेलं याचा. पुढं एकांतात ‘शालू’ म्हणायला लागले. भांडण झालं की मात्र पुन्हा ‘वन्सं’.

नंतर आम्ही पुण्याला गेलो. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, एका कंपनीत लागले आणि चाळिशी उलटल्यावर जावा शिकले. जावा ही प्रोग्राम लिहायची एक भाषा. मोठमोठ्या ऑफिसांची, बँकांची कामं तिच्यावर चालतात. हे मी आता एका ओळीत सांगितलं. तेव्हा मी हे सांगायला अर्धी पंगत घ्यायचे. दिवाळीला हिंगोलीला यायचे तर गळ्यात मंगळसूत्रावर कंपनीचं ओळखपत्र, काढायचं नाहीच. सासूबाईंनी एकदा घाबरून विचारलं, ‘‘काय गं, दवाखान्यातून आलीस का?’’ शालू पोळी लाटत होती, मान वर न करता म्हणाली, ‘‘आई, वैनी बाजारात हरवली तर कुणी घरी आणून सोडावी म्हणून पत्ता लावलाय.’’ त्या बाईची, म्हणजे माझी, आज मला एवढी गंमत वाटते! तिला कुणी ‘कामाचं कसं चाललंय’ विचारलं की ती आधी सुस्कारा सोडायची, मग घड्याळ बघायची. घड्याळात तिला काही दिसत नसे, चष्मा पर्समध्ये असे.

शालू मात्र हिंगोलीतच राहिली. नांदेडला कॉम्प्युटर शिकून आली, काही वर्षं शिकवलं आणि मग बियाण्यांच्या एका दुकानावर दोन खोल्या घेऊन स्वतःचं ऑफिस थाटलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘‘बिल्ड चालू हाय, झालं की सांगते.’’ विचारणाऱ्याला काही कळायचं नाही आणि पुढं विचारायचं धाडसही व्हायचं नाही. तिचं काम होतं आडत्यांसाठी. जवळा बाजार, सेनगाव, इकडं कुरुंद्यापर्यंत, सोयाबीन नाहीतर हळद घेऊन गाडी आली की तिची नोंद, वजन, मालातली ओल, लिलाव, शेवटी शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी... हे सगळं तिच्या प्रोग्रामवर चालायचं. सोयाबीनमध्ये ओल जास्त निघाली की ठरलेल्या हिशेबानं वजनात घट धरतात. ती घट चुकली तर आडत्याचं नाहीतर शेतकऱ्याचं नुकसान, आणि दोघंही शालूच्या नावानं ओरडणार. पण ते तिच्याकडेच येत राहिले. कारण ती हाकेच्या अंतरावर होती आणि उलट ओरडायची.

यांच्या निवृत्तीनंतर आम्ही हिंगोलीला परतलो आणि मी ‘तुला जरा मदत’ म्हणून ऑफिसात जायला लागले. माझी मदत अशी की शालूचा एकसंध, धडधाकट प्रोग्राम मी फोडायला घेतला. मोठ्या कंपनीत असंच असतं! आवक वेगळी, वजन वेगळं, ओल वेगळी, लिलाव वेगळा. प्रत्येकाचं एक मॉड्यूल, म्हणजे एकाच घरात मांडलेल्या वेगवेगळ्या चुली समजा. कल्पना काही वाईट नव्हती, शालूलाही पटली. पण त्या चुली मी अशा मांडल्या की एकीवरच्या वरणात मीठ घालायचं असलं तर सगळ्या विझवून, सारवून, पहिल्यापासून पेटवायच्या. लिहिलेल्या ओळींचा चालता प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड. एक ओळ बदलली की सगळ्या मॉड्यूलचा बिल्ड, मग सगळ्या टेस्ट म्हणजे चाचण्या, मग सगळ्याचं गाठोडं बांधून ते सर्व्हरवर, म्हणजे प्रोग्राम जिथून सगळीकडं चालतो तिथं, नेऊन उघडायचं, आणि तेव्हा कुठं ओळ बरोबर की चूक ते कळायचं. पाऊण तास सहज. तोवर खाली चहा सांगायचा. खालचा चहावाला जिन्यात पावलं वाजली की विचारायचा, ‘‘लावलं का बिल्ड?’’ मी त्या पाऊण तासावर फार खूष होते. पुण्यात यापेक्षा जास्त लागायचा, म्हणून आपलं बरंच बरं चाललंय, अशी माझी समजूत.

ती समजूत उतरवली मंगलच्या एका दुपारीनं. मंगल सेनगावच्या पलीकडून यायची, अजूनही येते. जाताना जीप नाहीतर शेवटची एसटी. हुशार पोरगी. त्या वर्षी ऐन सोयाबीनच्या हंगामात तिनं ओलीच्या मॉड्यूलमध्ये काहीतरी लहानसं सुधारलं, सगळे सोपस्कार करून चढवलं, आणि जवळा बाजारला वजनाचा पडदा गोठला. आडते मारोतरावांचा फोन. ‘‘ताई, हितं ट्रॅक्टरची लाईन रस्त्यापर्यंत गेलीय. काहून बंद पडलं?’’ शालूनं चूक शोधली, ती सापडायला काही वेळ लागला नाही. एका ओळीची होती. पण ती दुरुस्त करून पोचवायला पुन्हा तोच पाऊण तास. दर थोड्या वेळानं मारोतराव, आणि मागं शेतकऱ्यांचे आवाज. शेवटी कुणीतरी फोन हिसकावून घेतला आणि म्हणालं, ‘‘बाई, आमी काट्यावर उभे हाओत. तुमी काय करून राहिलात तिकडं?’’ आम्ही काय करत होतो? वाट बघत होतो. तिघी एका पडद्याकडं तोंड करून बसलेल्या, आणि त्या पडद्यावर ओळी सरकतायत...

मंगलची एसटी गेली. त्या रात्री ती आमच्याकडंच राहिली, जेवली नाही. आणि त्यानंतर तिनं प्रोग्रामला हात लावणं सोडून दिलं. म्हणजे ऑफिसला यायची, आडत्यांचे फोन घ्यायची, प्रिंटरची शाई बदलायची. पण एखादी ओळ बदल म्हटलं की, ‘‘ताई, तुमीच करा ना.’’ मी शालूला म्हटलं, ‘‘ही पोरगी आता कोडला भिते. दुसरी बघ.’’ शालू म्हणाली, ‘‘कोडला न्हाई भीत, वैनी. चूक कळायला उशीर लागतो, त्याला भिते. शेजारच्या खोलीत लेकरू पडलं अन् आवाज पाऊण तासानं आला, तर तू त्याला कधी जमिनीवर सोडशील का?’’

हे ती बोलली तेव्हा तिचं दुखणं नुकतं कळलं होतं. डॉक्टरांनी दिवसाआड डायलिसिस सांगितलं. मी रडले. माझ्या रडण्याला तिनं थोडा वेळ दिला आणि मग म्हणाली, ‘‘झालं का? आता ऐक. एक दिवस मशीनचा, दुसरा माझा. माझ्या दिवसातलेही थकव्याचे तास वजा कर. राहिलेल्यात मी पडद्याकडं बघत बसू का? माझ्याकडं वाट बघायला वेळ न्हाई.’’ आणि मग हळू आवाजात... ‘‘आज प्रोग्राम चढवायचं धाडस फक्त माझ्यात हाय. मी नसले तर हे आडते दोन हंगाम थांबतील, मग दुसऱ्याचं घेतील. मंगल घरी बसेल. ही दोन खोल्यांची जागा खालचा दुकानदार खताच्या पोत्यांनी भरेल. मला मंगल भ्यायला नको हाय, बस.’’

तिचं सगळं त्यानंतरचं काम हे असं होतं. ती आजाराशी लढली वगैरे लोक म्हणतात. मला तसं काही दिसलं नाही. ती वाट बघण्याशी लढत होती.

पहिल्याच ‘तिच्या’ दिवशी तिनं ऑफिसातल्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि फरशीवर खडूनं गोल काढले, एकेका मॉड्यूलचा एक. मग कोण कुणाच्या आधारावर उभं आहे त्याचे बाण. मंगलला म्हणाली, ‘‘तू ‘ओल’वर उभी रहा. वैनी, तू ‘वजना’वर. आता तू बदललीस असं समज, कोण कोण हलतंय बघू.’’ आम्ही उड्या मारत फिरलो, मी साडी सावरत. आणि बघता बघता सगळे बाण एकाच गोलात घुसायला लागले. तो माझा लाडका गोल, ‘सामाईक’ नावाचं मॉड्यूल. जे कुठं ठेवावं ते सुचलं नाही ते मी त्यात टाकलं होतं. तारीख लिहायची पद्धत तिथं, तालुक्यांची नावं तिथं, ओलीचा हिशेबही तिथंच. त्यामुळं तालुक्याच्या नावातली वेलांटी सुधारली तरी लिलाव, वजन, पट्टी सगळ्यांना पुन्हा जन्म घ्यावा लागायचा. शालू कमरेवर हात ठेवून बघत राहिली. ‘‘वैनी, हे मॉड्यूल हाय का तुझ्या पलंगाखालची ट्रंक?’’ मी म्हटलं, ‘‘पुण्यात सगळ्यांकडं असतं असं.’’ ‘‘असंल. त्यांच्याकडं वेळ असंल.’’

त्या उन्हाळ्यात ती ट्रंक रिकामी झाली. ज्याची वस्तू त्याच्या घरी. मग जे बदललं तेवढंच आणि त्याच्यावर टेकून उभं असलेलं तेवढंच, असा बिल्ड तिनं लावून दिला. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ती मॉड्यूल एकाच वेळी तयार व्हायला लागली. चुली वेगळ्या आहेत तर एकदम पेटू द्या की. गाठोडं बांधून सर्व्हरवर नेणं बंद केलं, हलका सर्व्हर प्रोग्रामच्या पोटातच बसवला. ओळ बदलायची, सेव्ह करायची आणि शेजारच्या खिडकीत पान बघायचं, बदललेलं. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मंगल मागं सरकली, जणू पडद्यानं तिच्याकडं बघितलं.

पण खरा वेळ खात होत्या टेस्ट. त्या शालूनं मशीनच्या दिवशी लिहिल्या. दवाखान्यात तिचा डावा हात सुयांनी अडकलेला असायचा, तो हलवायचा नाही. उजव्या हातानं टाइप करायला लागली. मी म्हटलं, ‘‘आण इकडं.’’ मग लॅपटॉप माझ्या मांडीवर आणि ती उशीवरून सांगतेय, असं आमचं सुरू झालं.

‘‘लिही. सोयाबीन, ओल ठरल्यापेक्षा जास्त. घट किती आली पाहिजे ते टाक.’’

‘‘थांब, आधी नोंदींचा डेटाबेस भरते. अन् सर्व्हर चालू करते.’’

‘‘काहून?’’

‘‘टेस्ट करायची ना?’’

‘‘एका वजाबाकीची परीक्षा घ्यायला तुला अख्खी शाळा भरवायला लागती का गं? पोराला दारात बोलाव, विचार, घरी धाड.’’

मी ऐकणाऱ्यातली नव्हे. पुण्याच्या सवयीनं मी म्हणत राहिले की खऱ्या डेटाबेसवर, खऱ्या सर्व्हरवर तपासल्याशिवाय मी सही करणार नाही. ती म्हणाली, त्या सगळ्या मोठ्या टेस्ट काढून फेक. मी म्हटलं, मुळीच फेकणार नाही, वजाबाकी घरात येत असली तरी पोरगं शाळेत घाबरतं की नाही ते शाळेतच कळतं. आवाज चढले. सिस्टर आल्या, म्हणाल्या, ‘‘आजी, हळू. हितं पेशंट झोपून राहिलेत.’’ शालू म्हणाली, ‘‘सिस्टर, यांना बाहेर काढू नका, मला यांची बोटं लागतात. तोंड तेवढं बंद करायचं काही इंजेक्शन असंल तर बघा.’’ शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ झोपलेले नव्हते. ते डोळे मिटून म्हणाले, ‘‘ताई, त्या आजी बराबर बोलून राहिल्या. शाळा पण पाहिजे.’’ शालूनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, ‘‘बरं. तुझ्या शाळा ऑफिस बंद झाल्यावर भरव.’’ तेव्हापासून मोठ्या टेस्ट संध्याकाळी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आपोआप चालतात आणि सकाळी निकाल देतात. माझा तिच्यावरचा हा एकमेव विजय, आणि तोही एका अनोळखी माणसाच्या मतावर मिळालेला.

बाकी दिवसभरासाठी राहिल्या त्या दारातल्या परीक्षा. लहान, चटकन विचारून मोकळ्या होणाऱ्या. अशा किती लिहिल्या आम्ही... मशीनचा आवाज, तिच्या रक्ताची लालभडक नळी, आणि ती डोळे मिटून सांगतेय, ‘‘हळद, ओली न्हाई, पण पोत्याचं वजन धरलं न्हाई असं कर.’’ कधी मध्येच थांबायची. मला वाटायचं झोपली. मी लॅपटॉप मिटायला घ्यायचे तर, ‘‘शून्य राहिलं, वैनी. वजनच शून्य आलं तर?’’

दिवाळीआधी सगळं बसलं. पाऊण तासाचं काम चहावाल्यानं गाळणं हातात घेईपर्यंत उरकायला लागलं. तो बिचारा हिरमुसला. शालूनं स्वतः मात्र त्या हंगामात एकही बदल केला नाही. खुर्ची ओढून मंगलच्या मागं बसायची आणि म्हणायची, ‘‘तू कर. मी हाय.’’ मंगल करायची, पण बटण दाबायच्या आधी मागं वळून बघायची. दरवेळी. शालूनं ते बघितलं होतं. रिक्षातून घरी येताना एकदा म्हणाली, ‘‘अजून माझ्याकडं बघून दाबती गं. एवढं एक राहिलं.’’

तेवढं राहिलंच. यंदा मी मुलाकडं पुण्याला गेले, जाताना तिला भांडून सांगितलं की दुपारी झोपत जा. ‘‘झोपते,’’ म्हणाली, ‘‘तू तिकडं गळ्यात कार्ड घालून फिरू नको, नातवाला लाज वाटंल.’’ हे आमचं शेवटचं.

मी परत आले तेव्हा तिची खुर्ची मंगलनं होती तिथंच ठेवली होती, स्वतःच्या मागं. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि सोयाबीन बाजारात आलं. यंदा काढणीच्या वेळी पावसानं गाठलेलं, दाणा फुगलेला. ओलीचे वेगळेच आकडे. दुपारी मारोतरावांचा फोन आला. ‘‘आजी, ताईंचं ऐकलं. लई वाईट झालं... पण आता मी काय करू? हा भिजलेला माल आमच्या ठरलेल्या घटीत बसत न्हाई. आमी इथं शेतकऱ्यासंगं बसून नवी घट ठरवली. ती मशीनमधी आज पाहिजे. गाड्या उभ्या हाईत. न्हाई जमत तर तसं सांगा, मला दुसरं बघायला लागंल.’’

मंगल माझ्याकडं बघत होती. ‘‘आजी, तुमी करा.’’

‘‘माझा चष्मा घरी राहिला.’’

‘‘डोक्यावर हाय तुमच्या.’’

‘‘तो लांबचा.’’

खोटं होतं, तिलाही ते माहीत होतं. ती बसली. फोन टेबलावर चालूच, मारोतराव पलीकडं कुणाला तरी ट्रॅक्टर मागं घ्यायला सांगत होते. मंगलनं नवी घट लिहिली. लिहून झालं, आणि बटण दाबण्याआधी ती मागं वळली. खुर्चीकडं. मग पुढं वळली आणि दाबलं.

पडदा लगेच लाल झाला. एक टेस्ट नापास. मंगलच्या तोंडातून ‘‘गेलं!’’ निघालं. मी चष्मा खाली ओढला आणि वाकून वाचलं. टेस्ट नापास झाली की काय चुकलं ते सांगणारी एक ओळ तिथं येते. ती लिहिणाऱ्यानं लिहायची असते. बहुतेक लोक लिहितच नाहीत, फार तर ‘उत्तर चुकलं’ एवढं. दवाखान्यात मला टेस्ट सांगताना शालू ती जागा रिकामी सोडायला लावायची, ‘ते मी घरी भरते’ म्हणायची, आणि मी कधी पुन्हा बघायला गेले नव्हते. सगळं हिरवं असलं की त्या ओळी दिसत नाहीत. आज तिथं लिहिलेलं होतं:

‘मंगे, ओल दोनदा वजा केलीस. घाबरू नको, अजून कुणाला कळलं न्हाई. पाणी पी अन् परत बघ.’

मंगल खरंच उठली आणि पाणी प्यायली. माठाजवळ पाठमोरी उभी राहिली, थोडा जास्तच वेळ. मग येऊन बसली, दोनदा आलेली ओळ एकदा केली आणि दाबलं. मागं न बघता. हिरवं. चढवलं. ‘‘मारोतकाका, बघा आता,’’ ती फोनमध्ये म्हणाली, आणि पलीकडून आवाज आला, ‘‘आँ? झालं बी? मी तर पोराला चहाला धाडलं होतं.’’

त्या दिवशी ती आपल्या एसटीनं, वेळेवर घरी गेली. जाताना खुर्ची उचलून खिडकीशी ठेवली, लोकांना बसायला.

मी मागं राहिले. शालूनं भरलेल्या त्या सगळ्या ओळी एका फाइलीत आहेत, फाइल उघडली असती तर एका बैठकीत सगळ्या वाचून झाल्या असत्या. मी नाही उघडली. वजनाच्या मॉड्यूलमध्ये गेले, तिथं एक चांगली चालती बेरीज होती, तिची वजाबाकी करून टाकली आणि टेस्ट लावल्या. वाट बघावी लागली नाही.

‘वैनी, हे तूच मुद्दाम केलंयस. नीट कर अन् घरी जा, अंधार पडंल.’

नीट केलं. घरी गेले नाही. चष्मा सारखा केला आणि पुढची ओळ मोडली.